मावसभावाचं बिनमेनूचं म्युझिक प्लेअर ॲप: साडेतीन स्टार, तेही भांडून

आधीच सांगून टाकते, हे ॲप माझ्या मावसभावाने बनवलंय. त्यामुळे ज्यांना वाटतंय की घरचंच पोरगं आहे, ही पाच स्टार देऊन मोकळी होणार, त्यांच्यासाठी हेडिंगमध्येच लिहून ठेवलंय. साडेतीन. आणि त्या कापलेल्या दीड स्टारवरून मावशीकडे जेवताना आमचं चांगलंच वाजलंय.

तर हा आमचा भाऊ इथे इंदूरलाच सुपर कॉरिडॉरवर एका कंपनीत आहे, दिवसभर कुठल्यातरी विम्याच्या सॉफ्टवेअरचे फॉर्म बनवतो, एकेका पानावर इतके रकाने की स्क्रोल करून बोट दुखेल, आणि रात्री घरी आला की त्याचा सूड उगवायला या ॲपवर बसतो. विकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, फक्त स्वतःसाठी, असं आधी म्हणायचा. मग प्ले स्टोअरवर टाकायचं डोक्यात आलं आणि तिथे आम्ही सगळे नातेवाईक अडकलो. गूगलचा नियम असा आहे की नवीन पर्सनल डेव्हलपर अकाउंट असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी कमीत कमी १२ जणांनी सलग १४ दिवस त्याच्या टेस्टिंगमध्ये राहायला पाहिजे. २०२३ च्या शेवटी हा नियम आला तेव्हा २० जण लागायचे, नंतर १२ केले. अकाउंटचे २५ डॉलर वेगळे, ते एकदाच. आता लोकमान्य नगर आणि सुदामा नगर मिळून आमचे १२ नातेवाईक उभ्या उभ्या निघतील हो, पण स्वतःच्या जीमेलचा पासवर्ड माहीत असलेले १२ काढून दाखवा! मोठ्या मामांनी लिंक उघडली, टेस्टर व्हा असं काहीतरी बटण दिसलं, त्यांना वाटलं हे फ्रॉडवालं आहे, आणि त्यांनी सरळ नंबर ब्लॉक केला. सख्ख्या भाच्याचा.

नाव इथे देत नाहीये कारण अजून टेस्टिंग चालू आहे आणि नाव बदलायचं म्हणतोय. पण ॲप मी रोज वापरतेय, बाबांच्या फोनवर पण आहे, त्यामुळे बोलायचा हक्क आहे मला.

उघडलं की काळी स्क्रीन. मधे फाइलचं नाव, खाली एक बारीक रेघ म्हणजे गाणं कुठवर आलं ती, आणि त्याखाली एक मोठा गोल. दाबला की वाजतं, परत दाबला की थांबतं. बस. अल्बमचा फोटो नाही, इक्वलायझर नाही, बदाम नाही, लिरिक्स नाहीत, "तुमच्यासाठी खास" नाही, मेनू नाही, सेटिंग नावाचं पानच नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं, बाकीचं कधी लोड होणार? तो म्हणाला, ताई, एवढंच आहे.

आणि खरं सांगू, दोन दिवसांत सवय झाली आणि मग बाकीची ॲपं उघडवेनात. माझ्या फोनमध्ये आधीपासून टाकून आलेलं जे प्लेअर आहे ना, ते उघडलं की शनिवारी संध्याकाळी छप्पन दुकानाच्या, म्हणजे आमच्या इथल्या खाऊगल्लीच्या, मधोमध उभं राहिल्यासारखं होतं, चारी बाजूंनी सगळे बोलावतायत, लॉगिन करा, व्हिडिओ बघा, थीम घ्या, रिंगटोन घ्या, आणि मी आपली कालचं अर्धवट राहिलेलं गाणं शोधतेय. माझ्याच फाइल, माझाच फोन, आणि जाहिरात बघितल्याशिवाय वाजणार नाही. असं कसं यार.

इथे जाहिरात येऊच शकत नाही. म्हणजे हा प्रामाणिक आहे वगैरे म्हणून नाही, त्याने ॲपमध्ये इंटरनेटची परवानगीच टाकलेली नाही. अँड्रॉइडमध्ये ॲपला नेटवर जायचं असेल तर ते आधी त्याच्या आतल्या फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं, आपल्याला विचारत नाहीत म्हणून आपल्याला कळत नाही एवढंच. ते लिहिलंच नाही तर ॲप स्वतःहून बाहेर काही पाठवू पण शकत नाही आणि बाहेरून आणू पण शकत नाही. मी काय ऐकते, किती वाजता ऐकते, सगळं माझ्या फोनमध्येच. मला या एका गोष्टीसाठी एक स्टार द्यावासा वाटला. तो म्हणतो यात काही केलंच नाहीये ताई, उलट एक ओळ कमी लिहिली.

दुसरी भारी गोष्ट म्हणजे फोल्डर. बहुतेक प्लेअर फोनमधला सगळा ऑडिओ गोळा करून एका लिस्टमध्ये ओततात, मग उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या दरबारी रागानंतर व्हॉट्सॲपवर आलेला काकांचा व्हॉइस मेसेज, "अगं ते गॅसवाल्याचं काय झालं". आमच्याकडे हे खरोखर झालंय, पाहुणे बसलेले असताना. या ॲपमध्ये सुरुवातीला एकच प्रश्न येतो, कुठलं फोल्डर? ते दाखवलं की तेवढंच वाजणार, बाकी फोनकडे ते बघत पण नाही. अँड्रॉइड १३ पासून फोटो, व्हिडिओ आणि ऑडिओच्या परवानग्या वेगळ्या झाल्यात, पण असं एक फोल्डर हाताने निवडून दिलं तर तेवढी पण परवानगी मागावी लागत नाही. सही आहे.

पण इथेच पहिला घोळ. अँड्रॉइड ११ पासून या पद्धतीने अख्खा डाउनलोड फोल्डर निवडताच येत नाही, सिस्टिमच नाही म्हणते. आणि आपल्याकडे लोकांची गाणी कुठे असतात? डाउनलोडमध्येच! बाबा बिचारे डाउनलोडवर जाऊन बसले, खालचं बटण करडं, दाबलं जाईना, त्यांना वाटलं फोन बिघडला. आता हा नियम त्याचा नाही, मान्य, पण एक ओळ लिहायला काय जातं, की बाबा रे डाउनलोड चालणार नाही, गाणी म्युझिक फोल्डरमध्ये हलव? तर म्हणे स्क्रीनवर जास्त टेक्स्ट नको. अरे पण मग माणूस तिथेच अडकून बसणार ना, सुंदर रिकाम्या स्क्रीनकडे बघत! हे मी त्याला सांगितलं, त्याने लिहून घेतलं, अजून आलेलं नाही. पाव स्टार इथे गेला.

आता बाबांबद्दल, कारण हे ॲप खरं त्यांच्यामुळे कळतं. बाबा अमीर खाँसाहेबांवाले. उस्ताद अमीर खाँ, १९१२ ते १९७४, ज्यांच्यामुळे लोक इंदूर घराणं म्हणतात ते, अतिविलंबित झुमऱ्यात गाणारे. चौदा मात्रांचा ताल, पण लय इतकी संथ की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, परत यायच्या आत माझा हा भाऊ दोन रील बघून घेईल. बाबांकडे कॅसेटचं खोकं होतं, ते त्यांनी रिटायर झाल्यावर एकेक करून कंप्युटरवर उतरवलं, काही त्यांच्या मित्रांकडून आलेली मैफलींची रेकॉर्डिंग, एकेक फाइल तासाची. अशी फाइल एका बैठकीत ऐकून होत नाही. भाजी आणायला जायचं असतं, कुणीतरी बेल वाजवतं, डोळा लागतो. बाकी प्लेअरमध्ये दुसरं काही लावलं की ही फाइल परत शून्यावर. मग चाळीस मिनिटं कुठे होती ते शोधत बसा. या ॲपमध्ये प्रत्येक फाइलची जागा वेगळी लक्षात राहते, मारवा राग तेविसाव्या मिनिटावर सोडला, मधे आईने तिची गाणी ऐकली, तीन दिवसांनी मारवा लावला की तेविसाव्या मिनिटावरच. काही विचारत नाही, "पुढे चालू ठेवायचं का" वगैरे पाटी नाही, सरळ वाजायला लागतं. पॉडकास्टच्या ॲपमध्ये हे सर्रास असतं, गाण्याच्या प्लेअरवाल्यांना मात्र वाटतं की जगातलं प्रत्येक गाणं चार मिनिटांचंच असतं. हे फीचर या पोराला कुठून सुचलं विचारलं तर म्हणाला काकांना ऐकताना बघितलंय ना. म्हणजे आमच्या बाबांना. लहानपणी सुट्टीत यायचा तेव्हा बाबांच्या शेजारी बसून कॅसेट पेनने फिरवायचा हा.

कॅसेटवरून आठवलं. साठच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं, मग बडा ख्याल मधेच तोडून साईड बी. बाबांच्या फाइली पण तशाच, साईड ए, साईड बी. एक फाइल संपून दुसरी लागताना मधे बारीकशी उचकी येते, ती बऱ्याच प्लेअरमध्ये येते, आणि मला आजपर्यंत वाटायचं फोन स्लो आहे. तर तसं नाहीये. एमपीथ्रीमध्ये आवाज तुकड्या तुकड्यांत भरलेला असतो, एका तुकड्यात आवाजाची ११५२ मोजमापं (सॅम्पल), म्हणजे सीडीच्या हिशोबाने साधारण २६ मिलिसेकंद. गाणं काही त्या तुकड्यांच्या मापात संपत नाही, म्हणून शेवटी थोडी शांतता भरतात, आणि एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर, सुरुवातीला पण थोडी घालतो. किती घातली ते चांगला एन्कोडर फाइलच्या सुरुवातीलाच लिहून ठेवतो, लेम नावाचा जो एन्कोडर आहे तो लिहितो, आणि प्लेअरने ते वाचून तेवढं कापलं तर जोड कळतच नाही. याने गूगलची मीडियाथ्री म्हणून तयार कोडची फुकट लायब्ररी आहे ती वापरलीय, तिच्यातलं एक्झोप्लेअर हे वाचतं. त्यामुळे माझ्या लाइव्ह कॉन्सर्टच्या सीडीवरून काढलेल्या फाइली अशा सलग वाजल्या की टाळ्यांच्या मधे गाणं बदललेलं समजलंच नाही. बाबांच्या फाइलींना मात्र उचकी राहिली, कारण त्या कुठल्या जमान्यातल्या सॉफ्टवेअरने बनवल्यात देव जाणे, तिथे काही लिहिलेलंच नाही, तर वाचणार काय. त्याबद्दल मार्क कापले नाहीत.

मार्क कुठे कापले सांगते. ती बारीक रेघ. दिसायला सुंदर, आणि तासाच्या फाइलला निरुपयोगी. हिशोब करा ना, फोनच्या स्क्रीनवर ती रेघ सहा सेंटीमीटरची. तासाची फाइल. म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये दहा मिनिटं, एका मिलिमीटरमध्ये एक मिनिट. बोटाचं टोकच किती मिलिमीटरचं असतं! बाबांना तानेच्या जरा मागे जायचं असतं, बोट ठेवलं की सरळ आलापात. मी तणतणत गेले तर हा शांतपणे म्हणतो, ताई, बोट रेघेवर ठेवून वर ओढलं ना की ती हळू सरकते, जितकं वर तितकी बारीक. करून बघितलं तर खरंच, सेकंद सेकंद हलतं, काय सुंदर चालतं. पण हे मला कसं कळणार होतं? कुठे लिहिलंय? बरं अजून आहे म्हणे. गोलावर डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं की पुढची फाइल. नावावर दोनदा टॅप केलं की दहा सेकंद मागे. खालून वर ओढलं की लिस्ट. गोल दाबून ठेवला की ही फाइल संपल्यावर थांब. हे सगळं होतं ॲपमध्ये, आणि आम्ही बाराच्या बारा टेस्टरपैकी एकालाही माहीत नव्हतं, कारण स्क्रीनवर त्याची खूणच नाही.

इथे माझं आणि त्याचं खरं भांडण आहे. त्याच्या मते स्क्रीनवर कमी दिसतंय म्हणजे ॲप साधं आहे. माझ्या मते इक्वलायझर काढलास ते साधं केलंस, तो गेला, आता त्याचा विचारच करायचा नाही. पण मागे जायचं बटण तू काढलेलं नाहीस, तू लपवलंयस, ते आहेच, फक्त आता ते माझ्या डोक्यात ठेवायचं काम मला दिलंयस. स्क्रीन तुझी मोकळी झाली आणि पाठांतर बाबांना. सत्तरीतल्या माणसाला.

तो लगेच त्या जुन्या आयपॉड शफलचं उदाहरण द्यायला लागला, २००५ मध्ये ॲपलने स्क्रीनच नसलेला प्लेअर काढला आणि लोकांनी डोक्यावर घेतला म्हणे. बरोबर आहे, पण त्याला बटणं होती ना भिया! मग मी पण शोधून काढलं. २००९ मध्ये त्याच शफलचं जे मॉडेल आलं त्यात प्लेअरवरची बटणंच काढून टाकली, सगळं इअरफोनच्या वायरवरच्या छोट्या बटणावर, एकदा दाबलं की हे, दोनदा दाबलं की ते, तीनदा दाबलं की अजून काही. आणि २०१० च्या मॉडेलमध्ये काय केलं? बटणं परत आणली. हे पाठवल्यावर त्याचा नुसता अंगठा आला रिप्लायमध्ये. पुढच्या अपडेटमध्ये रेघेच्या दोन्ही बाजूंना दहा सेकंदांची छोटी बटणं आली. म्हणजे समजतं त्याला. पण बटणं इतकी छोटी केली की आईला तीनदा दाबावं लागलं. गूगलच्याच डिझाइनच्या नियमात लिहिलंय की दाबायची जागा ४८ डीपी म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर पाहिजे, चित्र छोटं असलं तरी दाबायची जागा मोठी ठेवता येते, मग ठेव की. तेवढं आता केलंय.

रंगाचं पण तसंच. पूर्ण काळी स्क्रीन, त्यावर करड्या रंगात नाव. रात्री खोलीत लाइट बंद करून काय मस्त दिसतं, आणि ओएलईडी स्क्रीन असेल तर काळे पिक्सेल बंदच राहतात म्हणजे बॅटरी पण वाचते. (बाबांच्या फोनला एलसीडी आहे, तिथे मागचा लाइट जळतोच, त्यामुळे काही वाचत नाही.) पण मे महिन्यात पलासियाच्या सिग्नलला दुपारी एक वाजता ते करडं अक्षर बघून दाखव म्हणावं. नाव सोडा, ॲप चालू आहे की बंद ते कळत नव्हतं. वाचता येण्यासाठी अक्षर आणि पाठीमागचा रंग यांच्यात उजळपणाचा कमीत कमी साडेचारास एक एवढा फरक पाहिजे असं वेबवाल्यांचं प्रमाण आहे, मोठ्या अक्षराला तीनास एक चालतो, आणि फुकट साइट आहेत ज्यांच्यात दोन रंग टाकले की आकडा मिळतो. याचा करडा त्यात नापास. आता थोडा उजळ केलाय. अजून पण थोडा चालेल.

आणि आता माझा सगळ्यात लाडका राग, देवनागरी. हे मराठी घरातलं पोरगं, काकांच्या गाण्यांसाठी ॲप बनवतंय, आणि पहिल्या व्हर्जनमध्ये रागांच्या नावांत "पूर्वी" मधला रफार वरून कापलेला आणि "मुलतानी" चा उकार खालून कापलेला! कारण डिझाइन करताना त्याने नमुना म्हणून इंग्रजी नावं टाकली होती, ओळीची उंची तिच्यावरून ठरवली. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, ऋकार, त्याला जागा जास्त लागते. वरून त्याने अक्षरांमधे अंतर वाढवलं होतं, कारण इंग्रजीत तसं केलं की भारी दिसतं. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. मा र वा. प्रत्येक अक्षर आपापली टोपी घालून वेगळं उभं. बाबा म्हणाले हे काय, पाळणाघराची पाटी आहे का? त्या दिवशी मात्र तो खरंच ओशाळला आणि रात्रीत बदलून दिलं, आता मुक्त नावाचा फॉन्ट आहे, ओळ ऐसपैस आहे, लांब नाव दोन ओळींत जातं, मधे टिंबं टिंबं येऊन तुटत नाही. आता त्याच्या स्क्रीनवर मराठी नाव इंग्रजीपेक्षा देखणं दिसतं, खोटं नाही सांगत.

जुन्या फाइलींच्या आत जी माहिती भरलेली असते तिचा भरवसा नाही हे त्याने ओळखलं ते पण चांगलं केलं. ती माहिती भरायची जी पद्धत आहे, आयडीथ्री, तिचं जे पहिलं व्हर्जन होतं त्यात गाण्याच्या नावाला फक्त ३० बाइट. युनिकोडमध्ये देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ ने लिहिलं तर ३ बाइट खातं, म्हणजे दहा चिन्हांत नाव संपवा, आणि काना-मात्रा पण चिन्हंच मोजली जातात. तसंही तेव्हा देवनागरी कोण टाकत होतं, कुणीतरी वेबसाइटचं नावच टाकून ठेवलेलं असायचं. म्हणून हे ॲप फाइलचं नाव दाखवतं, आतलं नाही. बाबांनी फाइलींना नावं स्वतः दिलीत, "अ. खाँ मारवा, जुनी कॅसेट, शेवट खराब", तेच दिसतं. मला हे फार आवडलं. क्रम पण बरोबर लावतो, १ नंतर २, नाहीतर बरीच ॲपं १ नंतर १० आणि मग २ वाजवतात, नाटकाच्या रेकॉर्डिंगला दुसरा अंक आधी.

रोजच्या वापराचं पटकन सांगते. फोन आला की थांबतं, ठेवला की परत सुरू. मॅपवाली बाई बोलायला लागली की आवाज बारीक होतो, संपलं की मोठा. ऑफिसात इअरफोन ओढला गेला तर लगेच थांबतं, स्पीकरवर ठणाणा सुरू होत नाही, ज्यांच्याबरोबर हे झालंय त्यांना याची किंमत माहीत आहे. जेल रोडवरून घेतलेल्या साध्या इअरफोनचं बटण पण चालतं. गाडीत ब्लूटूथला जोडलं तर आमच्या स्टीरिओवर मराठी नावाच्या जागी चौकोन येतात, तो दोष स्टीरिओचा, इंग्रजी नाव नीट येतं. माझ्या फोनचं बॅटरी सेव्हर सुरुवातीला ॲपला मधेच मारून टाकायचं, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीवरचं बंधन काढलं तेव्हा थांबलं. हे पण सुरुवातीला कुठेतरी सांगायला पाहिजे, पण परत तेच, स्क्रीनवर टेक्स्ट नको!

एक गोष्ट राहिली, आवाजाची पातळी. कॅसेटवरून आलेल्या फाइली हळू, सीडीवाल्या मोठ्या. खाँसाहेबांचा आलाप ऐकायला आवाज पूर्ण वाढवलेला, आणि पुढची फाइल सीडीची लागली की कानात फटाका. फाइलींची पातळी आधीच मोजून सारखी करायची सोय असते, रिप्लेगेन म्हणतात त्याला, बऱ्याच प्लेअरमध्ये आहे. हे बटण न वाढवता करता येण्यासारखं काम आहे, दिसणार काहीच नाही आणि कान वाचतील. त्याच्या लिस्टमध्ये आहे म्हणतो.

शफल, म्हणजे गाणी क्रम सोडून कुठलीही लावायची सोय, नाहीये. बाबांना फरक पडत नाही पण आईला पडतो. तिच्या फोल्डरचं नाव नुसतं "लता". लताबाई इंदूरच्याच, १९२९ मध्ये शीख मोहल्ल्यात जन्मल्या, त्यामुळे इथल्या प्रत्येक घरात असा एक फोल्डर असतोच आणि तो क्रमाने कुणी ऐकत नाही. आईचं म्हणणं रेडिओसारखं कुठलंही लागायला पाहिजे, पुढचं कुठलं येणार हे माहीत असलं तर काय मजा. भावाचं म्हणणं शफल टाकलं की बटण आलं, मग शफल चालू आहे की बंद ते दाखवणारा रंग आला, मग एकच गाणं परत परत वाजवायचं बटण कुणीतरी मागणार. मी यात आईच्या बाजूने आहे. सगळ्याला नाही म्हणणं सोपं असतं, ते काही डिझाइन नाही. काय ठेवायचं ते ऐकणाऱ्याकडे बघून ठरव, जसं काकांकडे बघून ठरवलंस. मावशीपण ऐकतेच की रे गाणी.

तर कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे स्वतःच्या फाइली आहेत, लांब रेकॉर्डिंग आहेत, कीर्तनं, व्याख्यानं, मैफली, नाटकं, त्यांनी डोळे मिटून घ्या. घरातल्या मोठ्यांना देणार असाल तर पाच मिनिटं बसून ते वर ओढायचं, दाबून ठेवायचं वगैरे हाताने करून दाखवा, निदान अजून दोन अपडेट येईपर्यंत. सध्या फक्त अँड्रॉइड. आयफोनसाठी ॲपलला वर्षाला ९९ डॉलर द्यावे लागतात आणि तो म्हणतो त्यापेक्षा नवीन हेडफोन घेईन. ज्यांची सगळी गाणी स्ट्रीमिंगवर आहेत त्यांनी उगाच टाकू नका, फोल्डरच रिकामा असेल तर काळी स्क्रीन आणि तो गोल तेवढा दिसतो, दाबलं तर काही होत नाही आणि का होत नाही ते पण सांगत नाही. हा बग मी कालच कळवलाय.